कागदाचा बंब

४ फेब्रुवारी

उंटास अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचा पत्ता बदललाय हे पाहिलंच असशील. धोब्याच्या दुकानावरची खोली मिळाली. दिवसभर खालून इस्त्रीची वाफ वर येते, त्यामुळे थंडीही वाजत नाही आणि साडीही चुरगळत नाही. वणव्याला साडेतीन महिने झाले. शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपायचे दिवस संपले, एवढी प्रगती आहे.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू नुसता "हो ताई, हो ताई" करतोस. तू पडलास कचेरीतला माणूस. कागद समोर आल्याशिवाय तुझं डोकं चालत नाही.

काल वर घराकडे जाऊन आले. जोतं शाबूत आहे. शिवणयंत्राचे लोखंडी पाय तसेच उभे आहेत, वरचं डोकं मात्र वाकलंय. आपल्या गल्लीतली वरची पाच घरं गेली. वळणावरचं माझं पहिलं आणि गुरुजींचं शेवटचं. खालची सहा वाचली. गुरुजींना मी खुर्चीत बसवून ओढत बाहेर काढलं होतं, पण धूर छातीत गेला तो गेलाच. नवव्या दिवशी आटोपलं. त्यांची सून इथे माझ्या शेजारच्याच खोलीत राहते.

आता मुद्द्याचं. नगरपालिकेच्या खिडकीवर विचारलं, तर ती मुलगी म्हणते, तिथे घर बांधता येणार नाही. जंगलाच्या कडेपासून तीस फूट सोडायचे आणि गल्लीकडून दहा. एवढं सोडून माझ्याकडे उरतात नऊ फूट. नऊ फुटांत बोळ होतो, घर होत नाही. नियम बदलणार अशी आवई आहे. तू त्याच खात्यात नकाशे काढतोस. मला वशिला नको, नुसता अर्थ सांग.

मी अठ्ठावन्नची आहे. मला माझ्या दारात बसून काजं करायची आहेत. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून राहून मरायचं नाही.

सगळे विचारतात, बंब वर का पोचला नाही. गल्लीच्या तोंडाशी बेकरीवाल्याची भिंत आहे ना, तिथे अडला. असो.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर म्हणून बातमीच पाठवतो, आणि चांगली पाठवतो. आवई खरी आहे. नव्या नियमाचा मसुदा काल बाहेर पडला. त्यातलं तुझ्या कामाचं वाक्य असं: वणव्यात जळालेलं घर "पूर्वीच्याच जोत्यावर, पूर्वीएवढंच" बांधायचं असेल, तर तीस फूट, दहा फूट, कसलीच अट लागू नाही. महिनाभर हरकती आणि सूचना घेतील, मग नियम पक्का होईल.

एकच सांभाळ. माप इंचभरही बदललं, तर ते नवं बांधकाम धरलं जाईल आणि सगळ्या अटी येऊन बसतील. तेव्हा सुधारणा वगैरे डोक्यात आणू नकोस. होतं तसं, होतं तिथे, होतं तेवढं.

तुझा जुना मंजूर नकाशा इथल्या दप्तरात सापडला. त्यात पुढची खोली दिसत नाही, कारण ती तुम्ही नंतर काढलीत. पण घाबरू नकोस. लोकांचे कागद जळाले असणार म्हणून मसुद्यात जोतं हाच पुरावा धरलाय. जोतं आहे म्हणजे खोली होती.

सोबत मसुद्याची प्रत, अर्ज आणि मी स्वतः काढलेला नकाशा पाठवतोय. पुढची खोली अगदी होती तशी काढलीय, गल्लीकडच्या खिडकीसकट. चार वर्षं त्या खिडकीखाली झोपलो, चुकेन कसा. तू फक्त खाली सही कर आणि नगरपालिकेच्या खिडकीवर नेऊन दे.

तुझा उंट


१७ फेब्रुवारी

उंटास,

नकाशा पोचला. सुरेख काढलास. शेजारणीला दाखवला, तीही म्हणाली, हात चांगला आहे.

सही अजून केलेली नाही. घाई करू नकोस, माझा विचार चाललाय.

तोवर मला एवढं कळव. तुमच्या त्या मसुद्यात बंबाचं माप कुठे लिहिलंय का? लांबी, रुंदी, वळायला लागणारी जागा? मी अर्थ लावत दोनदा वाचला. जंगल किती लांब हवं ते आहे, छपराला काय वापरायचं ते आहे, पण बंब घरापर्यंत येणार कसा, यावर अवाक्षर नाही. ब्लाउज शिवायचा आणि हात कुठून घालायचा ते विसरायचं, तसं वाटलं.

धोबी चांगला माणूस आहे. यंत्र त्याच्या मेव्हण्याने भाड्याने दिलंय. चार गिऱ्हाइकं परत आली.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मला काही सुधरेना. तुझ्यासाठी दार उघडलंय, तू उंबऱ्यावर उभी राहून बिजागरी तपासतेस. हरकतींची मुदत पंधरा मार्चला संपते. त्यानंतर अर्जांची रांग लागेल आणि जो मागे राहील तो वर्षभर मागेच राहील.

खरं सांग, तुला परत तिथे राहायची भीती वाटते का? वाटली तर त्यात कमीपणा नाही. सरळ आमच्याकडे ये. ही तर कधीपासून म्हणतेय, ताईंना घेऊन या. तू पाहुणी नाहीस, हे मी सांगायला हवं असं नाही.

बंबाचा प्रश्न तुझ्या मनात घोळतोय म्हणून त्याचाही बंदोबस्त केलाय. तुमच्या नगरपालिकेत माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत, त्यांना कळवलं की गल्लीच्या तोंडची बेकरीची भिंत बंबाला अडथळा ठरली. ते तिला पाडायची नोटीस काढतायत. झालं ना समाधान? आता सही कर.

उंट


३ मार्च

उंटास,

तुझं पत्र येण्याआधी तुझी नोटीस आली. बेकरीवाल्याच्या भिंतीवर चिकटवून गेले. चष्मा वणव्याच्या धावपळीत हरवल्यापासून त्याला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तो ती सोलून वाचायला माझ्याकडेच घेऊन आला. मी वाचून दाखवली. भिंतीच्या आत त्याची भट्टी आहे. भिंत गेली की भट्टी गेली आणि भट्टी गेली की तो गेला. त्याने घडी घालून ती खिशात ठेवली आणि म्हणाला, "ताई, बंब तर माझ्या दारावरून सुसाट गेलेला मी पाहिला. हे कोणी लिहिलं असेल?"

मी लिहिलं. मी तुला खोटं लिहिलं आणि तू ते खरं मानून पुढे पाठवलंस.

बंब माझ्या घरापाशी अडला, उंटा. पुढच्या खोलीला. मी गुरुजींना खुर्चीत बसवून खाली आणत होते, तेव्हा तो वळणावर उभा होता. दोनदा मागे घेतला, दोनदा पुढे. तोंड वळायचं आणि कूस खोलीच्या कोपऱ्याला लागायची. नळ्या लावल्या, त्या गुरुजींच्या घरापर्यंत पोचल्या नाहीत. गल्लीतली बाकी माणसं केव्हाच खाली पळाली होती. पाहिलं ते मी आणि बंबावरच्या माणसांनी. ड्रायव्हरने अहवालात "गल्ली अरुंद" एवढंच लिहिलं. भला माणूस. मी मात्र त्या भलेपणाखाली लपून बसले.

खोली बेकायदा होती. तुझ्या भावोजींनी एका उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने बांधली. मूळ घरापुढे हद्दीपर्यंत आमची जागा पाच फूट होती, पुढचा दीड फूट गल्लीतला. कोणी काही बोललं नाही, गल्लीत कोण कोणाला बोलतं.

नोटीस वाचली आणि मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन अग्निशमन केंद्रात गेले. ड्रायव्हरला म्हटलं, मला बंबाचं माप घ्यायचंय. तो हसला, "बाई, शिवणार काय याला?" म्हटलं, आधी कागद कापते, मग बघू. चोवीस फूट लांब, आठ फूट रुंद. वळायला लागणारा घेर सांगताना त्याला लाज वाटत होती, जसा स्वतःचाच सांगतोय.

तुला माहीत आहे, मी कागद कापल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. रद्दी गोळा केली, बेकरीवाल्याने मैद्याची खळ करून दिली, आणि शाळेच्या पटांगणात आम्ही चोवीस फुटी बंब जोडला. चारही कडांना बांबू बांधले. रविवारी गल्लीतली आणि गल्लीबाहेर गेलेली सगळी माणसं बोलावली. दहा जणांनी बंब उचलला. ड्रायव्हर सुट्टी असून आला आणि पुढे चालायला लागला. वर चढताना हशा चालला होता. कोणी भोंगा वाजवत होतं. एक जण कोपरा तिरका ओढायला लागला तर ड्रायव्हर ओरडला, "बंब आडवा चालत नाही. तो खेकडा नाही."

बेकरीच्या भिंतीपाशी दोन्हीकडून हातभर जागा ठेवून निघाला. पुढे वळणावर आला आणि कागद फाटला. माझ्या खोलीच्या जोत्याच्या कोपऱ्यावर.

मी म्हटलं, "इथेच अडला होता. ही खोली माझी. गल्लीत दीड फूट आलेली आहे. मी पाहिलं होतं आणि बोलले नाही. बेकरीवाल्याचा यात काही दोष नाही."

गुरुजींच्या सुनेच्या हातात मागचा बांबू होता. तिने तो खाली ठेवला आणि निघून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. भिंतीपलीकडून तिच्या भांड्यांचा आवाज येतो, तेवढाच.

आता माझं ऐक. ती खोली मी बांधणार नाही. नुसती खोली नाही, वरची पाचही घरं पुढून तीन-तीन फूट मागे सरली, तर बंब वरपर्यंत जाऊन वळून येतो. हे ड्रायव्हरने जमिनीवर चुना टाकून दाखवलंय. पण तुमचं ते वाक्य म्हणतं, इंचभर बदल केलात तर घरच नाही. म्हणजे पाप जसंच्या तसं बांधलं तर परवानगी, आणि सुधारलं तर बंदी. हे वाक्य कुठल्या शहाण्याने लिहिलं? त्याला शोध आणि बदलायला लाव.

तू म्हणतोस भीती वाटते का. वाटते. घराची नाही.

ताई


९ मार्च

ताई,

तुझं पत्र कचेरीतच वाचलं आणि जेवायच्या सुट्टीत जेवलो नाही.

तो शहाणा मी. ते वाक्य मी लिहिलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, मसुद्याचं ते कलम माझ्याकडे दिलं होतं. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एकच घर होतं. "पूर्वीएवढंच" लिहिलं, म्हणजे कोणी तुझं घर कापू नये. जोतं हाच पुरावा, हेही त्या खोलीसाठीच. नियम हजारो घरांचा आणि मी तो एका घराच्या मापाने शिवला. नातं आहे हे कोणाला सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही, कारण तू म्हणाली होतीस वशिला नको.

आणि ताई, मी नकाशेवाला आहे. गल्लीत आलेली खोली दिसली की मी लाल पेन्सिलीने रेघ मारतो, रोज मारतो. तुझ्या नकाशात मी ती हौसेने काळ्या शाईत काढली, खिडकीचे गज मोजून. हद्दीची रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती. मला ती दिसली नाही.

आणखी एक. भावोजी चेष्टा करायचे ते आठवलं. म्हणायचे, "खोली पाच फुटांचीच आखली होती, पण हा उंट दारात उभा राहिला आणि भिंत दीड फूट पुढे न्यावी लागली. नाहीतर याचे पाय खिडकीतून बाहेर आले असते." तेव्हा मी हसायचो. तू पत्रात दीड फूट लिहिलंस, पण तो माझ्यामुळे, हे लिहिलं नाहीस. मला मोजता येतं.

काल मोठ्या बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि फाइल माझ्या टेबलावरून उचलून नेली. त्यामुळे ते वाक्य आता मी बदलू शकत नाही. तुम्हीच बदलू शकता. रीतसर हरकत दाखल करा, पंधरा तारखेच्या आत, जळालेल्या पाचही घरांच्या सह्यांनिशी. शब्द असे सुचवा: "पूर्वीएवढं, किंवा रस्ता मोकळा करण्यासाठी त्याहून कमी". चारच्या वर सह्या असल्या की सुनावणी घ्यावीच लागते. बेकरीची नोटीस मागे घ्यायला मी नगरपालिकेतल्या त्या साहेबांना पत्र टाकलंय, माझी चूक म्हणून.

उंट


१६ मार्च

उंटास,

आधी ते दीड फुटाचं. उंची तुझी, पण भिंत आमची. तू सतरा वर्षांचा होतास आणि पाहुणा होतास. अपराधातही तुला वाटा हवाय होय? चार वर्षं माझ्या हातचं जेवलास, तेवढंच पुरे. पुन्हा हा विषय लिहिलास तर पत्र न वाचता परत पाठवीन.

हरकत दिली. चौदा तारखेपर्यंत सह्या चार होत्या. माझ्याशिवायच्या तिघांपैकी दोघे सहज तयार झाले नाहीत. एक म्हणाला, घर गेलंच आहे, आता अंगणही देऊ? त्याला घेऊन वर गेले आणि चुन्याच्या रेघेत उभं केलं. त्याने पावलांनी रेघ मोजली. मग म्हणाला, पेन द्या.

पाचवी सही गुरुजींच्या सुनेची. मी तिच्याकडे गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते? पंधराला सकाळी कागद घेऊन जिना उतरत होते, तर ती खाली धोब्याच्या दाराशी उभी. कागद मागितला, सगळा वाचला, सही केली आणि पेन मला परत दिलं. बोलली नाही. पण माझ्याबरोबर नगरपालिकेपर्यंत चालत आली.

बेकरीवाल्याने सहावी केली. त्याचं घर जळालेलं नाही, त्याची सही लागत नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "असू दे, शाई माझी आहे."

खिडकीवरच्या मुलीने विचारलं, हरकत कशाला आहे? म्हटलं, आम्हाला घर लहान बांधू देत नाहीत, त्याला. तिने पुन्हा विचारलं. मग आतून तिघं जणं मला बघायला आली.

ताई


२८ एप्रिल

ताई,

सुनावणी परवा झाली. तुम्ही दोघी आलात तेव्हा मी खालच्या मजल्यावर होतो. वर यायची मला मनाई होती. पण तू तो फाटका कागदी बंब गुंडाळून आणलास आणि दालनात उलगडायला लागलीस, हे दहा मिनिटांत खालपर्यंत आलं होतं. तो दालनात मावला नाही, मागचा भाग व्हरांड्यात ठेवावा लागला, हेही कळलं. मोठ्या बाई खुर्चीवरून उठून त्याच्या कडेने चालत गेल्या म्हणे. फाटलेल्या जागी थांबल्या आणि विचारलं, "हे कोणाचं घर?" आणि तू म्हणालीस, "माझं."

गुरुजींची सूनही बोलली, असं शिपायाने सांगितलं. म्हणाली, "माझे सासरे परत येणार नाहीत. त्या गल्लीत अजून म्हाताऱ्या माणसांची चार घरं आहेत."

आज नियम पक्का झाला. तुमचे शब्द जसेच्या तसे घेतलेत. वर एक ओळ मोठ्या बाईंनी स्वतः घातलीय: अशा गल्लीत बांधकाम सुरू होण्याआधी बंब प्रत्यक्ष नेऊन पाहावा. तुझ्या घराला परवानगी मिळेल.

माझी बदली दप्तरखान्यात झाली. नातं लपवलं म्हणून. जुने नकाशे लावायचं काम आहे, धूळ फार. वाईट वाटलं, नाही म्हणणार नाही. पण शिक्षा बरोबर आहे, आणि निदान इथे वाक्यं लिहावी लागत नाहीत.

तुझा नवा नकाशा मात्र मीच काढणार, सुट्टीच्या दिवशी, घरी बसून. हद्दीची रेघ आधी मारीन.

उंट


६ जून

उंटास अनेक आशीर्वाद.

नकाशा मंजूर होऊन आला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लहान आहे, पण माझं आहे. गवंडी सोमवारी येतोय.

खोलीचं जोतं मी कोणाला फोडू दिलं नाही, स्वतः फोडलं. चार दिवस लागले. तुझ्या भावोजींचं काम कच्चं नव्हतं, एकेका दगडाने घाम काढला. तिसऱ्या दिवशी गुरुजींची सून पहार घेऊन आली आणि पलीकडच्या बाजूने सुरू झाली. तेव्हाही फारशी बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "काकू, हात दाखवा," आणि माझ्या फोडांना मलम लावलं. मी तिथे दगडांवर बसून रडले. ते सगळं तुला कशाला लिहू, पण लिहिलं.

त्यातला एक दगड पायरीसाठी ठेवलाय, माझ्या हद्दीत.

काल बंब आणला, खरा. ड्रायव्हरने आरसे पुसले, तोंडही पुसलं. खालची सगळी घरं दारात उभी होती. बेकरीवाला भिंतीला पाठ लावून पोट आत घेऊन उभा राहिला, जणू त्याच्या पोटामुळेच अडणार होता. गुरुजींची सून उलटी चालत हाताने बोलावत होती, "येऊ द्या, येऊ द्या." वळणावर मी उभी. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून जमिनीकडे बघत राहिले.

तू आलास की मधल्या खोलीत झोप, यंत्राशेजारी. पाय दाराबाहेर आले तर येऊ देत. पुढच्या खोलीची जागा आता गल्लीची आहे. तुझी खाट होती तिथे मी चुन्याने खूण केली होती, कोणाला न सांगता. जिथे तुझी उशी असायची, तिथून बंबाचं मागचं चाक गेलं. अडलं नाही.

तुझी ताई